बोलता येईल इतक्या वेगाने

आरे, रत्नागिरी
३ ऑक्टोबर २०२४

वैदेही,

पत्राच्या डोक्यावर काय लिहायचं यावर दोन कागद फुकट गेले. ‘चिरंजीव’ लिहिलं तर तू म्हणशील, चार वर्षांनी आईला माया फुटली. काहीच नाही लिहिलं तर वीजमंडळाची नोटीस आल्यासारखं वाटेल. म्हणून नुसतं नाव लिहिलंय. तू माझा फोन उचलत नाहीस, ते असो. पत्र मात्र उचलावंच लागतं, निदान दारातून बाजूला करायला तरी.

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही आणि तुझ्यासाठी स्थळही आलेलं नाही. मी पळायला लागले आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. तुझी आई, वय एकोणसाठ, पोफळीच्या शाळेत जन्मभर शिवण शिकवून बसल्या जागी पसरलेली, रोज सकाळी आरे-वारेच्या रस्त्यावर पळते. पळते म्हणजे विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळते, पुढचा खांब येईपर्यंत चालते, मग देवाचं नाव घेऊन पुन्हा पळते. पंजाबी ड्रेस घालते, साडीत दोनदा पडता पडता वाचले. समोरच्या दर्शनावहिनींच्या सुनेने फोनवर तुझा फोटो दाखवला, छातीवर नंबर आणि गळ्यात मेडल. बंगळूरला तू बेचाळीस किलोमीटर पळतेस म्हणे. म्हणून तुलाच विचारते. दम कसा टिकवायचा? थोडं पळलं की बरगडीखाली कळ येते ती कशाने? आणि मुख्य म्हणजे मला वेग वाढवायचा आहे, तोही लवकर. या वयात वाढतो का? खरं काय ते सांग, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस.

का, असं विचारशील. वजन समज. रक्तातली साखर समज. या वयात कारणांना काय तोटा?

बाबाही पळतात. सुरुवात त्यांनीच केली. माझ्यापेक्षा खूप जोरात पळतात, सदुसष्टाव्या वर्षी एवढा दम कुठून आणतात कोण जाणे. पहिल्या दिवशी मी खांबाला धरून वाकले, मान वर केली तर ते वळणाआड गेलेले. मग बसथांब्यावर सापडले. म्हणजे बसले होते, माझी वाट बघत.

बाकी घर ठीक. पाऊस लांबल्याने कलमांना पालवी फुटते आहे, यंदा मोहोर उशिरा येणार असं सगळे म्हणतात. पुढच्या दाराला वरती एक कडी बसवून घेतली. वाऱ्याने दार उघडायचं.

हे पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही. ठरलेलं लग्न आठवडाभर आधी मोडलंस म्हणून ज्या माणसाने ‘माझ्या दारात पाय ठेवू नकोस’ म्हटलं, त्याच्याच घरातून हे येतंय, हे मला कळतं. मी तेव्हा तुझ्या बाजूने बोलले नाही, त्यांच्याही नाही, आणि तुला त्यांच्यापेक्षा माझा राग जास्त आला, हेही कळतं. तो विषय आज काढत नाही. ये असंही म्हणत नाही. फक्त पळण्याचं तेवढं सांग.

आई


२४ ऑक्टोबर

वैदेही,

बूट मिळाले. कुरिअरवाल्याला पत्ता सापडेना, त्याने येसूबाईला विचारलं. ती मासे विकत दारोदार फिरते, त्यामुळे घरी खोकं पोचायच्या आधीच लेकीने आईला बूट पाठवले ही बातमी सगळ्या वाडीत पोचली. मी माप कळवलं नव्हतं. घालून पाहिले तर अगदी बरोबर बसले. मग खोकं घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसले आणि थोडी रडले. तुला आवडणार नाही, पण रडले.

चिठ्ठीत दोनच वाक्यं. ‘रोज थोडं पळायचं. बोलता येईल इतक्याच वेगाने, बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला.’ खाली सही नाही. मी चिठ्ठी उलटून मागेही पाहिलं.

सल्ला चांगला असेल, पण माझ्या उपयोगाचा नाही. मला पळताना बोलायचं नाही, गाठायचं आहे. बाबांना, म्हणजे. आमची आपली गंमत चालते. हळू पळून कसं चालेल? ते उतारावर लागले की थांबत नाहीत, आणि उतारानंतर ते समुद्राच्या अंगाचं वळण येतं, तुला आठवत असेल. शनिवार-रविवारी गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्या तिथे हॉर्नसुद्धा न देता वळतात.

एक मजा सांगते. पहिल्या आठवड्यात आम्हाला पळताना दर्शनावहिनींनी पाहिलं आणि फाटकात येऊन विचारलं, काय झालं, कोणाला काही झालं का? आपल्याकडे बाई रस्त्यातून पळताना दिसली की कुणाला तरी साप चावलेला असतो, नाहीतर कुणी तरी विहिरीत पडलेलं असतं. मी पटकन बोलून गेले की काही नाही हो, आम्ही हिवाळ्यातल्या शर्यतीत भाग घेतोय, त्याची तयारी. तोंडातून निघालं आणि झालं. संध्याकाळपर्यंत वाडीभर. दुसऱ्या दिवशी सुजय आला. त्याचा शहरात दाताचा दवाखाना आहे, आणि तिथल्या पळणाऱ्यांचा गट तोच चालवतो. तो बाबांना टोपी देऊन गेला आणि आमचा व्हिडिओ काढून गेला. मला विचारतो, “काकू, या वयात तुम्हाला मोटिव्हेशन कुठून मिळतं?” मी म्हटलं, आपलं माणूस पुढे पळत असलं की आपोआप मिळतं. त्याला ते फार आवडलं. ते वाक्य त्याने व्हिडिओखाली लिहिलं आणि तो म्हणे खूप लोकांनी पाहिला. तूही पाहिलास का? पाहिला असशील तर बाबा निळ्या शर्टात दिसले असतील. तोच, पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये कामाला घालायचे तो. सकाळी स्वतः इस्त्री करतात आणि तो घालूनच पळतात. सवयीचा माणूस.

आता रस्त्याने निघालो की लोक टाळ्या वाजवतात. विनोद रिक्षा बाजूला घेऊन हॉर्न देतो. येसूबाई पाटी सावरत ओरडते, “पळा भाऊ, पळा!” आणि ते अजून जोरात पळतात.

बूट घालताना आठवलं, पोफळीच्या कॉलनीत तू अनवाणीच पळायचीस. फर्स्ट शिफ्टची बस खालच्या वळणावर हॉर्न द्यायची, बाबांचा चष्मा नेमका तेव्हाच हरवायचा, आणि तू फ्रॉकवर उतारावरून धावत जाऊन ड्रायव्हरपुढे हात आडवे करून उभी राहायचीस. ‘थांबा, बाबा येतायत.’ त्यांची बस कधी चुकली नाही.

आई


१६ नोव्हेंबर

वैदेही,

आता लिहूनच टाकते. पाठवीन की नाही ते नंतर बघू.

बाबा शर्यतीसाठी पळत नाहीत. ते बस पकडायला पळतात. पहाटे उठतात, शर्ट घालतात, डबा मागतात आणि म्हणतात, बसचा हॉर्न वाजला, मला उशीर झाला. मग निघतात. आरे-वारेच्या रस्त्यावर पोफळीची बस शोधतात.

गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा लक्षात आलं. बाजारातून येताना त्यांना घराचं वळण सापडेना, गडग्याच्या दगडांना हात लावत उभे होते. मग वस्तूंची नावं जायला लागली. कोल्हापूरला नेऊन मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर चांगले होते, पण त्यांनी सांगितलेलं चांगलं नव्हतं. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल, औषधाने थोडा धीमा होईल. आणि म्हणाले, यांना एकटं सोडू नका.

म्हणून मी पळते. वजन नाही, साखर नाही. तो पहिला दिवस, ‘बसथांब्यावर सापडले’ असं लिहून मी लगेच सावरून घेतलं होतं, तो खराखुरा सापडण्याचा दिवस होता. मी खांबाला धरून उभी, छातीत भाता, आणि माझ्या नवऱ्याची पाठ वळणाआड गेली. ओरडायला गेले तर आवाज फुटेना. त्या दिवशी त्यांच्या नशिबाने थांब्यावर बाक होता आणि ते बसले. रोज कोण बसवणार?

कडी लावून पाहिली. ज्या माणसाने जन्मभर डोंगराच्या पोटात उतरून टर्बाइन दुरुस्त केली, त्याला कडीचं काय? कुलूप लावून पाहिलं तर दारावर डोकं आपटून घेतलं, ‘मला कामावर जाऊ द्या’ म्हणून माझ्याच पाया पडायला लागले. पुन्हा कुलूप लावायचं माझ्याने होणार नाही. त्यापेक्षा पळते.

कोणाला सांगितलेलं नाही. तू म्हणशील, का? तुला बाबा माहीत आहेत. कॉलनीत कोणाचा पंखा बंद पडला तरी यांना बोलावायचे, आणि हेही रुबाबात जायचे. त्या माणसाला वाडीने खुळा म्हणायचं आणि मी ऐकायचं? त्यापेक्षा लोक टाळ्या वाजवताहेत तर वाजवू देत. पण झालंय असं की माझ्या थापेने सगळी वाट त्यांच्यासाठी मोकळी केली आहे. जो तो त्यांना रस्ता देतो. कोणी अडवायचा प्रश्नच नाही. माझी मीच ओढवून घेतली आहे ही फजिती, आणि आता निस्तरता येत नाही.

मला सकाळची भीती वाटते. डोळा लागला तरी कान दाराकडे असतात. मी रोज पळते, पण त्यांच्याइतकी नाही, आणि एक दिवस ते वळण माझ्या आधी गाठतील.

तुला सांगत नव्हते त्याचं कारण निराळं. तुला वाटेल, आजारपण दाखवून बोलावते आहे. वाटलं तर तुझी चूक नाही, आयांनी हे पूर्वीपासून केलंय.

आई


८ डिसेंबर

वैदेही,

मागचं पत्र पेटीत टाकलं नव्हतं. ते या पाकिटात घातलं आहे. आधी ते वाच, मग हे.

आज रविवार. मी न्हाणीघरात होते, केसांवर पाणी घेतलं आणि घर एकदम शांत वाटलं. बाहेर आले तर दार सताड उघडं. कडी त्यांनी उपटली नव्हती, नीट उघडून काढली होती, आणि सगळे स्क्रू वाटीत घालून वाटी कोनाड्यात ठेवली होती. परत बसवताना सापडावेत म्हणून. कामाची जुनी शिस्त.

तू पाठवलेले बूट मी मोज्यांशिवाय घातले आणि निघाले. ओले केस, ओढणी नाही. दर्शनावहिनी फाटकातून म्हणाल्या, आज उशीर झाला वाटतं. पुढे येसूबाई पाटी घेऊन समोरून येत होती. “वैनी, भाऊ कवाच फुडं गेलं. आज त्यांचाच नंबर.” आणि हसली. मी नुसता हात केला. बोलण्यात दम घालवायचा नव्हता.

चढ संपला तेव्हा निळा शर्ट दिसला. खूप पुढे, रस्त्याच्या बरोबर मधून. पुढे उतार, उताराच्या टोकाला ते वळण, आणि रविवार असल्यामुळे गाड्यांची रीघ. मी जिवाच्या आकांताने पळाले. खरं सांगते, अंतर कमी होत होतं. दोन महिन्यांत मी इतकं शिकले होते. वळणाच्या अलीकडे पर्यटक गाड्या लावून फोटो काढत उभे होते. त्यांतल्या काहींनी आम्हाला ओळखलं, ते व्हिडिओतले काका-काकू! त्यांनी बाजूला होऊन दोन्हीकडे रांग केली, टाळ्या वाजवल्या, फोन वर धरले. विनोदने शहाळ्याच्या गाडीपाशी रिक्षा लावली होती, ती त्याने अदबीने मागे घेतली. बाबा त्या टाळ्यांमधून वाट काढत उताराला लागले.

मला कळलं की मी पोचत नाही. आणखी जोर केला असता तर कदाचित पोचले असते, कदाचित वळणानंतर पोचले असते. ओरडायला तोंड उघडलं तर पहिल्या दिवसासारखंच, नुसती हवा. आणि तुझी चिठ्ठी आठवली. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला.

मी हळू झाले, वैदेही. ते समोर लांब जात होते आणि मी मुद्दाम हळू झाले. असं काही मी आयुष्यात केलेलं नाही. पाय ओढत राहिले, श्वास घेतला, आणखी एक घेतला, निळा शर्ट लहान होत चालला होता. मग आवाज फुटला.

“विनोद, धर त्यांना. ते शर्यतीला पळत नाहीत. त्यांना काही आठवत नाही, ते हरवलेत.”

टाळ्या बंद झाल्या. एवढी माणसं, आणि समुद्राचा आवाज ऐकू यायला लागला. माझा आवाज माझ्याच कानाला परका वाटला. पण एकदा सुरू झाल्यावर थांबेना, मी तेच तेच ओरडत राहिले, ते आजारी आहेत, ते हरवलेत, धरा त्यांना.

विनोदने रिक्षा उतारावर सोडली आणि बाबांच्या पुढे नेऊन आडवी घातली. एका मुंबईच्या गाडीवाल्याने आपली गाडी वळणाच्या तोंडाशी आडवी लावून मागच्यांना हात दाखवला. कोणी बाबांना ओढलं नाही. विनोद खाली उतरला आणि माझ्याकडे एकदा बघून त्यांना म्हणाला, “काका, बस हितंच थांबनार हाय. तवर बसा.” आणि ते बसले. रिक्षात, मांडीवर हात ठेवून, शिफ्टला जाताना बसायचे तसे.

मी पोचले. वाटलं, आता मला ओळखणार नाहीत. त्यांनी ओळखलं. माझ्याकडे बघून रागावलेच जरा.

“अगं, तू कशाला धावतेस या वयात? वैदेही गेलीय ना पुढे. ती थांबवेल बस.”

मी रिक्षाचा दांडा धरून उभी राहिले. तुला सांगते, चार वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव आलं नव्हतं. मी काढलं तर उठून बागेत जायचे. आणि रोज सकाळी हा माणूस एवढ्या जोरात, मागे न बघता, न भिता पळत होता तो याच भरवशावर. तू पुढे गेलेली आहेस आणि हात आडवे करून उभी आहेस, म्हणून.

येसूबाई पाटी रस्त्याच्या कडेला टाकून तशीच धावत आली होती. मला वाटलं, आता ही वाडीभर करणार. करणारच आहे. पण आधी तिने माझे ओले केस आपल्या पदराने पुसले आणि रागाने म्हणाली, “आदी नाय सांगायचां? आमी काय परके हाव?” घरी आलो तर दर्शनावहिनी भात लावून वाट बघत होत्या. दुपारी सुजय आला, खाली मान घालून. व्हिडिओ काढून टाकतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, त्यातलं माझं उत्तर खोटं नव्हतं.

उद्यापासून सकाळी विनोद रिक्षा घेऊन थांब्यापाशी उभा राहणार आहे. येसूबाई तिच्या वेळेला चढावर असतेच. मी पळणारच, त्यांचं पळणं काही थांबणार नाही. पण आता वाटेत माणसं आहेत, आणि मला सगळं अंतर एकटीने तोडायचं नाही.

आता तुझ्याबद्दल. त्यांनी तुला माफ केलं, असं मी लिहिणार नाही. त्यांना भांडणच आठवत नाही, आणि विसरणं म्हणजे माफी नव्हे. ‘दारात पाय ठेवू नकोस’ हे ते बोलले होते आणि तुला लागलं होतं, ते घडलेलंच आहे. तुझा राग खरा आहे, तो तू ठेव. माझ्यावरचाही ठेव. त्यांनी तुझी क्षमा मागायला हवी होती, आणि आता ते मागू शकणार नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं, तुझ्यासाठी आणि त्यांच्यासाठीही. डॉक्टर म्हणतात, काही महिन्यांनी नावंही जातील. तुझं सगळ्यात शेवटी जाईल असं मला उगाच वाटतं, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस.

आत्ता ते पडवीत बसून कडी परत बसवताहेत. वाटी त्यांना बरोबर सापडली.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, ये असं म्हणत नाही. तेव्हा तेवढा दम नव्हता. आता बोलता येतंय, म्हणून बोलते. ये.

आई